लेकसाइडचं पाणी पास झालं

प्रिस्का तुस्कानोच्या बावखलावर मे महिन्यातल्या एका सकाळी वीतभर फेस जमला होता. पांढराशुभ्र, लग्नाच्या केकवर असतो तसा. प्रिस्का कमरेवर हात ठेवून काठावर उभी राहिली आणि समोरच्या सात मजली इमारतींकडे बघत म्हणाली, "आज रविवार. सगळ्यांनी चादरी धुतल्या वाटतं."

वसईच्या जुन्या वाड्यांमध्ये असं बावखल असतं. म्हणजे पूर्वजांनी खोदलेलं लहानसं तळं. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं आणि वर्षभर वाडीला पुरतं. प्रिस्काचा मोगरा, केळी, पानवेल, सगळं या बावखलावर जगत होतं. मग शेजारी 'अमृतधारा लेकसाइड' उभं राहिलं. बिल्डरने जाहिरातीत छापलं होतं, 'प्रत्येक बाल्कनीतून तळ्याचं दर्शन'. तळं प्रिस्काचं. दर्शन त्यांचं. दोन वर्षांत त्या तळ्यात घाणही त्यांचीच आली.

लेकसाइडमध्ये सांडपाणी स्वच्छ करायचा कारखाना होता. त्याला ते लोक एसटीपी म्हणत. शिकलेल्या माणसांचं हे एक बरं असतं, घाणीलाही इंग्रजी नाव दिलं की तिचा वास येईनासा होतो. त्या कारखान्यात हवा भरणारं मोठं मशीन होतं, पण ते वीज खातं म्हणून बंद ठेवलेलं असे. चारशे घरांचं पाणी एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जाई, तिथून तिसऱ्या टाकीत, आणि जसं आलं तसंच पाइपातून ओहोळात, ओहोळातून बावखलात. पाण्याची फक्त सहल होई.

प्रिस्काने अकरा तक्रारी केल्या. मजकूर मुलगा गॉडफ्रे लिहायचा, सही प्रिस्काची. शाळा चौथीत सुटली असली तरी तिची सही कलेक्टरपेक्षा लफ्फेदार होती. सांडपाण्यावर लक्ष ठेवणारं जे सरकारी खातं होतं, त्याचं नाव पाटीवर तीन ओळींतही मावत नसे, म्हणून सगळे त्याला नुसतं खातं म्हणत. खात्याकडून अकरा वेळा उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे.'

एकदा ती थेट लेकसाइडच्या ऑफिसातही गेली. तिथला सेक्रेटरी जयवंत मोहिते खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

"अहो बाई, तुम्ही खालून बघता म्हणून तुम्हाला घाण दिसते. आमच्याकडे सहाव्या मजल्यावरून बघा, इतकं सुंदर दिसतं!"

"मग बादली घेऊन खाली या," प्रिस्का म्हणाली, "भरून नेऊन ठेवा वर. जवळून बघा."

मोगरा पिवळा पडला, पानवेल सुकली. गॉडफ्रे वैतागला. "आय, पावसाळ्यापर्यंत बघतो. पाऊस संपला की डंपर बोलावणार आणि भरणी टाकून बुजवून टाकणार हे बावखल. पलीकडच्या वाडीतल्या सॅमीने नाही बुजवलं त्याचं? आता तिथे लग्नाच्या हॉलचं पार्किंग आहे, मजेत आहे तो."

"बोलाव की," प्रिस्का म्हणाली. "मलाही आधी आत ढकल आणि वरून भरणी टाक. एका डंपरमध्ये दोन कामं."

गॉडफ्रेने डंपरवाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवला होता, हे प्रिस्काला माहीत होतं.

फेसाच्या रविवारनंतर दोन दिवसांनी खात्यात क्षितिजा मॅडम नावाच्या नव्या अधिकारी रुजू झाल्या. नवीन माणसाला कपाटं उघडून बघायची सवय असते. त्यांना प्रिस्काच्या अकराही तक्रारी एकाखाली एक सापडल्या. मॅडमनी त्या खरोखर वाचल्या. खात्यात असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे त्यांचा मदतनीस सदानंद घाबरला आणि त्याने लगेच जयवंतला फोन केला.

"मोहितेसाहेब, उद्या सकाळी अकराला मॅडम तुमच्याकडे. पाणी भरून नेणार तपासायला."

"उद्या? अहो, आठ दिवस आधी सांगायचं असतं!"

"या सांगून येणाऱ्यातल्या नाहीत. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

जयवंतने जे दरवेळी करतात तेच करायचं ठरवलं. शेवटची टाकी रिकामी करायची, घासायची आणि तिच्यात टँकरचं चांगलं पाणी भरून ठेवायचं. साहेब येतात, त्या टाकीतून बाटली भरतात, चहा पितात, जातात. त्याने टँकरवाल्या काळूरामला फोन लावला. काळूराम पाणी आणायचा पूर्वेकडच्या डोंगराजवळच्या विहिरीवरून. पण संध्याकाळचे पाच वाजलेले, पुलावर गाड्यांची रांग, आणि जयवंत फोनवर ओरडतोय, 'सात वाजायच्या आत पाहिजे.' काळूरामने टँकर वळवला आणि सगळ्यात जवळचं पाणी गाठलं. प्रिस्काच्या दारात येऊन त्याने हॉर्न वाजवला.

"मावशे, यक टँकर पानी देतेस का?"

"कोणाला पाहिजे?"

"लेकसाइडवाल्यांना. उद्या सायब येनार हाय. टाकी भरून ठेवाची हाय."

प्रिस्काने हातातला कोयता खाली ठेवला. ती हळूच म्हणाली, "काळूराम, पाणी बघितलंस ना कसं आहे ते?"

काळूरामने वाकून बघितलं, नाक धरलं आणि म्हणाला, "पिवाला कुठं हाय मावशे? दाखवाला हाय."

"मग घे. हवं तेवढं घे. पण मधलं नको, त्या ओहोळाच्या तोंडाशी पाइप टाक. तिथलं ताजं आहे."

गॉडफ्रे धावत बाहेर आला. "आय, डोकं फिरलंय का? आपलं पाणी त्यांना देतेस?"

"आपलं कुठे? त्यांचंच आहे," प्रिस्का म्हणाली. "दोन वर्षं आपल्याकडे पाहुणं होतं. आज घरी सोडतेय."

टँकर भरून गेला आणि अंधार पडता पडता लेकसाइडच्या शेवटच्या टाकीत रिकामा झाला; आत डोकावून कोणी बघितलं नाही. काळूराम पैसे द्यायला लागला, तर तिने घेतले नाहीत. घरचंच कार्य आहे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता क्षितिजा मॅडम लेकसाइडमध्ये उतरल्या. मागून सदानंद, त्याच्या हातात बर्फाची पेटी. तपासायचं पाणी गार ठेवावं लागतं, नाहीतर खराब होतं, असा नियम. खराब पाणी खराब होऊ नये म्हणून सरकार बर्फ देतं. जयवंतने शेवटच्या टाकीचं झाकण ऐटीत उघडलं आणि त्याची ऐट तिथेच आत पडली. पाणी हिरवट होतं, त्यावर फेस होता, आणि एक केळीचं पान तरंगत होतं.

मॅडमनी वास घेतला. त्यांचा चेहरा असा झाला की जयवंतने रुमाल पुढे केला.

"हे स्वच्छ केलेलं पाणी आहे?"

"मॅडम, ते... नैसर्गिक पद्धतीने..."

"रिपोर्ट येऊ दे. नापास झालात तर तुमचं वीज आणि पाणी दोन्ही तोडायची शिफारस करीन. चारशे घरं आहेत ना? चारशे नोटिसा काढीन."

मॅडमनी स्वतःच्या हाताने कॅन भरला, झाकण घट्ट लावलं, चिठ्ठी चिकटवली, सही केली. जयवंतला घाम फुटला. त्याने घाईघाईने सगळ्यांना सरबताचा आग्रह केला. मॅडमनी पाणीसुद्धा घेतलं नाही, त्या जीपमध्ये जाऊन बसल्या. सदानंदने मात्र दोन ग्लास घेतले. मे महिना, सरबत कोमट, आणि ऑफिसातला फ्रीज बिघडलेला. सदानंद दिलदार माणूस. त्याने पेटीतला बर्फ काढून सगळ्यांच्या ग्लासात वाटला.

पुढे वालीवला एका कारखान्याची तपासणी होती, तिथे मॅडम उतरल्या. पेटी घेऊन सदानंद एकटाच ठाण्याच्या प्रयोगशाळेकडे निघाला. घोडबंदरच्या रस्त्यावर एक कंटेनर आडवा झाला होता. तीन तास जीप उभी. उन्हात तापलेल्या बंद पेटीत, बर्फावाचून, लेकसाइडच्या चारशे घरांचं कर्तृत्व कॅनमध्ये फुगत गेलं. आणि मग ठाप्पकन आवाज झाला. झाकण जीपच्या टपाला लागलं, पाणी सदानंदच्या मांडीवर आलं. ड्रायव्हर दार उघडून रस्त्यावर पळाला. आजूबाजूच्या गाड्यांनी भर उन्हात काचा वर केल्या.

आता परत जाऊन पाणी आणायचं, तर आणखी तीन तास. मॅडमना सांगायचं, तर बर्फ कुठे गेला तेही सांगावं लागणार. सदानंदने थोडा विचार केला. सरकारी माणसाला थोडाच विचार पुरतो. त्याने रस्त्यात गाड्यांमधून फिरणाऱ्या पोऱ्याकडून पिण्याच्या पाण्याच्या चार सीलबंद बाटल्या घेतल्या. एका बाटलीने कॅन विसळला आणि उरलेल्या तीन त्यात ओतल्या. चिठ्ठी तीच होती, सही मॅडमचीच होती. बदललं ते फक्त पाणी.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. पाणी नितळ. वास नाही. घाण नाही. जंतू नाहीत. शेवटी प्रयोगशाळेने आपणहून लिहिलं होतं की या सांडपाण्यात प्रकृतीला हितकारक असे क्षारही योग्य प्रमाणात आढळले. चारशे घरांच्या मोरीतून हे क्षार कुठून आले, असा प्रश्न प्रयोगशाळेत कोणाला पडला नाही.

जयवंतने रिपोर्ट चार वेळा वाचला. मग त्याला वाटायला लागलं की आपलं पाणी खरंच चांगलं असेल. माणूस कागदावर स्वतःची स्तुती वाचतो तेव्हा त्याला शंका म्हणून येत नाही. त्याने गेटवर फ्लेक्स लावायला दिला, 'जिल्ह्यात आदर्श सांडपाणी', खाली त्याचा हात जोडलेला फोटो.

फ्लेक्स बांधणारा शिडीवर असतानाच मॅडमची जीप आली. मागे सिमेंट कालवायचं सामान घेऊन दोन गवंडी.

"मोहिते, मी तुमची माफी मागते," मॅडम म्हणाल्या. "मी नुसत्या वासावरून तुमच्याबद्दल गैरसमज करून घेतला. माझ्या नोकरीत मी असं पाणी पाहिलेलं नाही."

"आमचं आपलं प्रामाणिक काम असतं, मॅडम."

"म्हणूनच आलेय. इतकं चांगलं पाणी तुम्ही ओहोळात सोडता? लोकांना प्यायला मिळत नाही! आजपासून एक थेंब आवाराबाहेर जायला नको. बाग, फ्लश, गाड्या धुणं, सगळं या पाण्यावर. रोज बागेला पाणी घातल्याची वहीत नोंद, सेक्रेटरीची सही." आणि गवंड्यांकडे वळून, "बुजवा तो पाइप."

"मॅडम, पाइप कशाला? असू दे की. अडीनडीला..."

"अडीनडी कसली? पाणी उत्कृष्ट आहे ना?"

यावर जयवंतने नुसते हात जोडले. वर त्याचा फोटो हात जोडून उभा होता, खाली तो स्वतः. दुपारपर्यंत पाइपाच्या तोंडात दोन हात सिमेंट बसलं आणि त्यावर खात्याचं सील.

दीड दिवसात लेकसाइडच्या टाक्या भरल्या. मग ते पाणी घरोघरच्या फ्लशला जोडलं. फ्लश दाबला की जाई त्याहून जास्त परत आल्यासारखं वाटे. लोक अंगठ्याने फ्लश दाबून दुसऱ्या हाताने नाक धरायला शिकले. बाग आधी हिरवी झाली, मग पिवळी, मग मऊ. तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांची चप्पल लॉनमध्ये रुतली ती परत मिळालीच नाही. तोवर पाऊस सुरू झाला. आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडत असताना रेनकोट घातलेला जयवंत मोहिते हातात नळी घेऊन बागेला पाणी घालतोय, हे दृश्य आता लेकसाइडच्या प्रत्येक बाल्कनीतून दिसू लागलं. वहीत सही करायची होती ना.

सोसायटीच्या ग्रुपवर लोक त्याला दिवसाला शंभर मेसेज टाकत. 'मोहिते, आदर्श पाणी माझ्या बेडरूमच्या भिंतीतून येतंय.' 'मोहिते, तुमचा फ्लेक्स काढा, नाहीतर आम्ही तुम्हाला काढतो.'

इकडे बावखलात पावसाचं नवं पाणी भरलं. फेस गेला. पानवेलीला कोवळी पालवी फुटली. गॉडफ्रे एका संध्याकाळी काठावरून उठला आणि डंपरवाल्याला 'नको' म्हणून कळवून आला. प्रिस्का पाठ फिरवून केळीची पानं कापत राहिली. मुलगा शहाणा झाला की आईने लगेच बघू नये, नाहीतर तो लाजून परत वेडा होतो.

जुलैमध्ये जयवंत एक बाटली घेऊन खात्यात गेला. बाटलीत काळपट पाणी होतं.

"मॅडम, आमचं पाणी घाण आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो! सेक्रेटरी म्हणून लिहून देतो."

"तुमच्या म्हणण्याला आधार काय? माझ्याकडे रिपोर्ट आहे."

"वास तरी घ्या ना, मॅडम!"

"मागच्या वेळी वासावर गेले आणि एका चांगल्या सोसायटीवर अन्याय केला. आता नाही." मॅडमनी बाटली पेनाने दूर सारली. "हे कुठून भरून आणलंत? दुसरीकडचं पाणी आणून सॅम्पल म्हणून दाखवणं हा गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

जयवंतने बाटली परत जवळ ओढली. टँकरचं सांगावं, तर हाच गुन्हा मे महिन्यात झालेला. कोपऱ्यात सदानंद उभा होता. तो पंखा किती वेगाने फिरतोय ते मोजत होता.

"फेरतपासणी करायचा काहीच मार्ग नाही का, मॅडम?"

"आहे. बाधित शेजाऱ्याने लेखी तक्रार केली तर. पूर्वी एक बाई करायच्या. आता त्यांचीही तक्रार येत नाही. बघा, किती फरक पडलाय!"

दुसऱ्याच दिवशी सकाळी जयवंत मिठाईचा पुडा घेऊन प्रिस्काच्या ओट्यावर हजर. पॅन्टचे पाय घोट्यापर्यंत काळे.

"मावशी, कशा आहात?"

"आज मावशी का? मागच्या वेळी बाई होते."

"चुकलंच माझं. मावशी, एक काम होतं. तुमची तक्रार मी टाइप करूनच आणलीय. बारावी. तुम्ही फक्त सही करा."

"माझी तक्रार तुम्ही लिहिलीत?"

"तुम्हाला कशाला त्रास?"

"वाचून दाखवा. माझा चष्मा सापडत नाही." चष्मा तिच्या कपाळावर होता.

जयवंत पुटपुटत वाचू लागला. प्रिस्काने हात वर केला. "मोठ्याने वाचा. कान गेलेत माझे." मग तिने शेजारच्या लिडियाला हाक मारली, लिडियाने पलीकडच्या ग्लोरियाला, आणि बघता बघता ओट्याखाली दहा-बारा माणसं जमली. जयवंत घसा खाकरून वाचायला लागला, "'मी, प्रिस्का तुस्कानो, कळवते की लेकसाइडमधील बेजबाबदार लोक आपली घाण...'"

"काय लोक?"

"बेजबाबदार."

"पुढे?"

"'...आपली घाण साफ न करता माझ्या बावखलात सोडतात. त्यांचं मशीन कायम बंद असतं. सेक्रेटरी जयवंत मोहिते यांनी माझ्या अकरा तक्रारींकडे निर्लज्जपणे दुर्लक्ष केलं...'"

"वा!" ग्लोरिया म्हणाली. "पहिल्यापासून वाचा हो, मी उशिरा आले."

त्याने पहिल्यापासून वाचलं. दोनदा. वाचून झाल्यावर प्रिस्काने कागद हातात घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, आणि बोट फिरवत तो सगळा नीट बघितला.

"मोहिते, फार छान लिहिलंय. गॉडफ्रेला असं जमलं नसतं. तो नुसतं 'विनंती आहे की' लिहायचा."

"मग करा ना सही!" जयवंतने पेनाचं टोपण काढलं.

"कशी करू? हे खोटं आहे." प्रिस्काने कागदाची घडी घालून त्याच्या शर्टच्या खिशात ठेवली. "पाइप बंद आहे. माझ्याकडे एक थेंब येत नाही. खात्याच्या त्या पोरीने सील मारलंय वर. रविवारी चर्चला जाते मी, मोहिते. उगाच चांगल्या माणसांवर आळ घेऊ?"

"मावशी, अहो आमच्या घरात घुसलंय पाणी! आमचं आम्हालाच...! आम्ही करायचं काय?"

"त्या वरच्या माणसाला विचारा. फ्लेक्सवर हात जोडून उभा आहे तो." मग तिचा आवाज थोडा खाली आला. "आणि ते मशीन आहे ना, बिल्डरने शोभेला ठेवलेलं? वीज खाऊ द्या त्याला. तुम्ही शिव्या खाताय त्यापेक्षा बरं."

जयवंत उठला. मिठाईचा पुडा परत न्यावा की ठेवावा, हे त्याला कळेना, तेवढ्यात लिडियाने तो उघडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी लेकसाइडच्या मागच्या बाजूने घर्र्र असा आवाज सुरू झाला. मग तो वाढला. ओट्यावरची भांडी थरथरली, कोंबड्या मोगऱ्याखाली जाऊन बसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा ते मशीन हवा भरत होतं. रात्रंदिवस चालवायचं, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये चारशे घरांनी एकमताने ठरवलं होतं.

प्रिस्काने कानावर पदर घेतला आणि आत हाक मारली, "गॉडफ्रे! कागद आण आणि पेन आण."

"कशाला गं?"

"काय मेलं आवाज करतंय. तक्रार लिहायचीय."